१,६२३ उमेदवारांत महिला फक्त १७: १९१८ ची ब्रिटिश निवडणूक तिकीटवाटपाबद्दल आजही काय सांगते?

निवडणूक कुठलीही असो, पक्षांच्या याद्या जाहीर झाल्या की सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास फिरतो. यादीत महिला किती? पक्षांचं उत्तरही ठरलेलं असतं. आम्ही महिलांच्या बाजूचेच आहोत, पण 'इलेक्टिव्ह मेरिट' बघावं लागतं.

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १४ डिसेंबर १९१८ ला ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. हाऊस ऑफ कॉमन्सच्या ७०७ जागांसाठी १,६२३ उमेदवार उभे होते. या निवडणुकीत ब्रिटिश महिलांना पहिल्यांदाच संसदेसाठी मत देता येणार होतं आणि पहिल्यांदाच उभंही राहता येणार होतं. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या १७ जणी. निवडून आली एक. आणि तीही सभागृहात कधी बसली नाही.

असं का झालं? या १७ जणींना जागा कोणत्या मिळाल्या, कोणाकडून मिळाल्या, कोणत्या परिस्थितीत मिळाल्या हे पाहिलं, तर आजच्या तिकीटवाटपातल्याही बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आधी मत, मग उमेदवारी

फेब्रुवारी १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये नवा मताधिकार कायदा झाला. २१ वर्षांवरच्या जवळपास सर्व पुरुषांना मत मिळालं. महिलांना मात्र वयाची तिशी आणि मालमत्तेशी संबंधित अट घातली गेली. तरीही सुमारे ८४ लाख महिला मतदार यादीत आल्या. एकूण मतदार होते सुमारे २ कोटी १४ लाख. म्हणजे दहातले चार मतदार आता महिला होत्या.

पण ज्यांना मत देता येतं, त्यांना उभं राहता येतं का? कायद्यात याचं उत्तर नव्हतं. सरकारच्या कायदेशीर सल्लागारांचं मत पडलं की नाही, त्यासाठी वेगळा कायदा लागेल.

२३ ऑक्टोबर १९१८ ला हा विषय कॉमन्समध्ये आला. सभागृहात तेव्हा एकही महिला नव्हती, त्यामुळे निर्णय सर्वस्वी पुरुषांच्या हातात होता. बाजूने २७४ मतं पडली, विरोधात फक्त २५. काही वर्षांपूर्वी याच मागण्यांसाठी महिलांना तुरुंगात टाकलं जात होतं. आता बहुतेक सगळे त्यांच्या बाजूचे झाले होते.

जेमतेम काही ओळींचा कायदा तयार झाला आणि २१ नोव्हेंबरला त्यावर राजाची मोहोर उमटली. त्यात एक गंमत राहून गेली. उमेदवारीसाठी तिशीची अट घालायचं राहिलं. त्यामुळे २१ वर्षांची तरुणी खासदार होऊ शकत होती, पण स्वतःला मत देऊ शकत नव्हती.

हातात दिवस किती? तेरा

कायदा झाला २१ नोव्हेंबरला. अर्ज भरायचा दिवस होता ४ डिसेंबर. मधे १३ दिवस.

पक्षांच्या दृष्टीने हे सोयीचंच होतं. अनेक मतदारसंघांत उमेदवार आधीच ठरले होते. जिथे पक्षाची ताकद होती तिथे वर्षानुवर्षं काम केलेले पुरुष रांगेत उभे होते. त्यांना बाजूला सारून नव्या महिलेला जागा देण्याचा प्रश्न कोणी उपस्थितच केला नाही. उरल्या त्या एक तर अवघड जागा, नाहीतर अपक्ष उभं राहण्याचा पर्याय.

त्यात पैशांचा प्रश्न. १९१८ च्याच कायद्याने पहिल्यांदा अनामत रक्कम आणली होती, १५० पौंड. एकूण मतांच्या एक अष्टमांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. तेव्हा खासदाराचं वर्षाचं मानधन होतं ४०० पौंड. म्हणजे खासदाराच्या साडेचार महिन्यांच्या मानधनाएवढी रक्कम फक्त अर्ज भरताना ठेवायची. प्रचाराचा खर्च वेगळा. ज्या महिलेच्या मागे पक्ष किंवा पैसेवालं घर नाही, तिच्यासाठी हा मोठा अडथळा होता.

कोण होत्या या १७ जणी?

या नवख्या होत्या, त्यांना राजकारण कळत नव्हतं, असं म्हणायला अजिबात वाव नाही.

मजूर पक्षाने चौघींना उमेदवारी दिली. त्यातल्या मेरी मकार्थर देशातल्या आघाडीच्या कामगार नेत्या होत्या. १९१० मध्ये क्रॅडली हीथ इथे साखळ्या बनवणाऱ्या महिला कामगारांचा गाजलेला संप त्यांनीच लढवला आणि जिंकला होता. त्या उभ्या राहिल्या तिथून जवळच्या स्टौरब्रिजमध्ये. पण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने आग्रह धरला की मतपत्रिकेवर त्यांचं लग्नानंतरचं नाव हवं. त्यामुळे मतपत्रिकेवर मेरी मकार्थर हे नावच नव्हतं. होतं ते 'मिसेस डब्ल्यू. सी. अँडरसन'. आयुष्यभर ज्या नावाने काम केलं ते नाव मतदाराला दिसलंच नाही.

७४ वर्षांच्या शार्लट डेस्पार्ड लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून उभ्या होत्या. मताधिकाराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या एमेलिन पेथिक-लॉरेन्स मँचेस्टरच्या रशोममधून. चौथ्या होत्या मिलिसेंट मॅकेंझी. शिक्षणशास्त्राच्या या प्राध्यापिका वेल्स विद्यापीठाच्या जागेवरून लढत होत्या. तेव्हा विद्यापीठांच्या पदवीधरांनाही संसदेत वेगळ्या जागा असायच्या.

लिबरल गटातून मार्जरी कॉर्बेट अॅशबी बर्मिंगहॅमच्या लेडीवूडमध्ये उभ्या राहिल्या. समोर कोण होतं? नेव्हिल चेंबरलेन, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेले. मॅन्सफील्डमध्ये व्हायोलेट मार्कहॅम होत्या. एकेकाळी त्यांनीच महिलांच्या मताधिकाराविरुद्ध जाहीर सभेत भाषण केलं होतं. त्यांचे भाऊ आधी त्या भागाचे खासदार होते.

अपक्षांमध्ये मुख्याध्यापिका एमिली फिप्स होत्या, लेखिका रे स्ट्रेची होत्या, आणि एडिथ हाऊ-मार्टिन होत्या. हाऊ-मार्टिन पुढे १९३० च्या दशकात संततिनियमनाच्या प्रचारासाठी भारतातही आल्या.

हुजूर पक्षाची महिला उमेदवार एकच, अॅलिस लुकास. त्यांची उमेदवारीही ठरवून दिलेली नव्हती. लंडनच्या केनिंग्टनमध्ये पक्षाचे मूळ उमेदवार होते त्यांचे पती. मतदानाच्या तोंडावर फ्लूच्या साथीत त्यांचं निधन झालं. तिथलं मतदान पुढे ढकललं गेलं आणि पक्षाने त्यांच्या पत्नीला उभं केलं.

एकच पक्ष, एकच दिवस, दोन निकाल

उमेदवार महत्त्वाचा की जागा? या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर आयर्लंडमधून मिळतं. तेव्हा संपूर्ण आयर्लंड ब्रिटिश राजवटीखाली होतं आणि तिथून खासदार लंडनला जायचे.

स्वतंत्र आयर्लंडची मागणी करणाऱ्या शिन फेन पक्षाने दोन महिलांना उभं केलं. कॉन्स्टन्स मार्केविच आणि विनिफ्रेड कार्नी. दोघींनीही १९१६ च्या ईस्टर उठावात भाग घेतला होता. दोघींनीही तुरुंगवास भोगला होता. मार्केविच यांना तर फाशीची शिक्षा झाली होती. महिला आहे म्हणून ती जन्मठेपेत बदलली गेली आणि पुढच्या वर्षी त्या सुटल्या.

मार्केविच यांना जागा मिळाली डब्लिनमधली सेंट पॅट्रिक्स. डब्लिनमध्ये तेव्हा शिन फेनची लाट होती. मार्केविच मतदानाच्या वेळी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होत्या. त्यांना प्रचाराला जाताही आलं नाही. तरी त्यांनी जुन्या, मुरलेल्या खासदाराला मोठ्या फरकाने हरवलं.

कार्नी यांना जागा मिळाली बेलफास्टमधली व्हिक्टोरिया. हा भाग ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या मतदारांचा. तिथे शिन फेनला कोणीच विचारत नव्हतं. कार्नी बाहेर होत्या, प्रचार करू शकत होत्या. त्यांना मतं पडली ३९५.

तुरुंगात बसलेली उमेदवार जिंकते आणि मैदानात उतरलेली चारशेचा आकडाही गाठत नाही. फरक दोघींच्या कर्तृत्वात नव्हता. एकीला पक्षाच्या बालेकिल्ल्यात तिकीट मिळालं आणि दुसरीला पडणारी जागा.

शिन फेनचे खासदार लंडनच्या संसदेत बसणार नाहीत, हे पक्षाने आधीच जाहीर केलं होतं. त्यामुळे ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली महिला त्या संसदेत गेलीच नाही. आयरिश प्रतिनिधींनी जानेवारी १९१९ मध्ये डब्लिनला स्वतःचं सभागृह भरवलं आणि त्याच वर्षी मार्केविच तिथल्या कामगार मंत्री झाल्या.

'एबी फॉर्म' मिळालेली एकमेव महिला

या निवडणुकीला ब्रिटनमध्ये 'कूपन इलेक्शन' म्हणतात. पंतप्रधान लॉइड जॉर्ज लिबरल होते, पण त्यांचं आघाडी सरकार हुजूर पक्षाच्या जोरावर चाललं होतं. आघाडीचा अधिकृत उमेदवार कोण, हे कळावं म्हणून लॉइड जॉर्ज आणि हुजूर पक्षाचे नेते बोनार लॉ यांच्या सहीचं पत्र दिलं गेलं. युद्धकाळात रेशनची कूपनं असत, त्यावरून विरोधकांनी या पत्राला खिजवून 'कूपन' म्हटलं आणि तेच नाव रुळलं. आपल्याकडे एबी फॉर्मची जी किंमत, तीच तेव्हा या पत्राची होती.

१७ महिलांपैकी कूपन एकीलाच मिळालं. मताधिकार चळवळीतल्या सर्वांत गाजलेल्या नेत्यांपैकी एक, ख्रिस्ताबेल पँकहर्स्ट. त्या स्वतःच्या 'विमेन्स पार्टी'तर्फे स्मेथिकमधून उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी हुजूर पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली. लढत सरळ झाली, मजूर पक्षाच्या जॉन डेव्हिसन यांच्याशी.

निकाल लागला तेव्हा डेव्हिसन यांना ९,३८९ मतं होती आणि पँकहर्स्ट यांना ८,६१४. फरक फक्त ७७५ मतांचा. म्हणजे जिथे पंतप्रधानांचा पाठिंबा होता आणि मतविभागणी टळली, तिथे महिला उमेदवार जवळपास ४८ टक्के मतांपर्यंत पोचली. हरलेल्या १६ जणींमध्ये विजयाच्या इतक्या जवळ दुसरी कोणी गेली नाही.

याची दुसरी बाजूही आहे. कूपनधारी उमेदवार देशभर धडाधड निवडून येत असताना पँकहर्स्ट हरल्या. त्यामुळे मतदारांच्या मनात महिलांबद्दल पूर्वग्रह नव्हताच, असं या निकालावरून म्हणता येत नाही. पण पक्ष खरोखर पाठीशी उभा राहिला तर चित्र किती बदलतं, हे मात्र दिसतं.

'बायकाच बायकांना मत देत नाहीत' हे खरं का?

महिला हरल्या की हे वाक्य तेव्हाही ऐकू यायचं, आजही येतं. ८४ लाख महिला मतदार असून एकच महिला निवडून येते, मग दोष कुणाचा?

गणित साधं आहे. ७०७ पैकी ज्या थोड्या मतदारसंघांत महिला उभ्या होत्या, ते सोडून उरलेल्या सुमारे ६९० जागांवर मतदारांसमोर महिला उमेदवारच नव्हती. तिथल्या महिलांनी महिलेला मत द्यायचं तरी कसं?

राहिल्या त्या १७ जागा. तिथे काय झालं, याला त्या वर्षीच्या लाटेचाही हात होता. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. जर्मनीकडून भरपाई वसूल करा, ही हवा होती. अशा वेळी युद्धविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उमेदवारांना मतदारांनी धुऊन काढलं. पेथिक-लॉरेन्स आणि डेस्पार्ड शांततावादी होत्या. त्या हरल्या. पण त्याच लाटेत मजूर पक्षाचे रॅम्से मॅकडोनल्ड, फिलिप स्नोडन आणि आर्थर हेंडरसन हे बडे पुरुष नेतेही पडले. माजी पंतप्रधान आस्क्विथ आपल्या हक्काच्या जागेवर हरले. या सगळ्यांबद्दल 'पुरुष निवडून येत नाहीत' असं कोणी म्हटलं नाही.

बॅटरसी नॉर्थचं उदाहरण इथे बोलकं आहे. १९१८ मध्ये डेस्पार्ड हरल्या. चार वर्षांनी हवा बदलली आणि मजूर पक्षाने ती जागा जिंकली. जिंकणारे उमेदवार होते शापुरजी सकलातवाला, मुंबईत जन्मलेले पारशी आणि जमशेटजी टाटांचे भाचे. जागा तीच, पक्ष तोच. बदलली होती ती राजकीय हवा.

पतीची जागा, पत्नीची उमेदवारी

मग कॉमन्समध्ये प्रत्यक्ष बसणारी पहिली महिला कोण? नॅन्सी अॅस्टर. १ डिसेंबर १९१९ ला त्यांनी आपली जागा घेतली.

त्यांची कहाणी ओळखीची वाटेल. त्यांचे पती प्लिमथ सटनचे खासदार होते. सासऱ्यांच्या निधनानंतर उमरावपद पतीकडे आलं आणि त्यांना हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जावं लागलं. जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाने पत्नीला उभं केलं आणि त्या जिंकल्या.

दुसरी महिला मार्गारेट विंट्रिंगहॅम. १९२१ मध्ये पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या लाउथच्या जागेवर त्या निवडून आल्या. तिसरी मेबल फिलिपसन. १९२३ मध्ये पतीची निवड रद्द झाली आणि बेरिकच्या त्याच जागेवर त्या जिंकल्या.

पहिल्या तिघीही पतीच्या जागेवर आल्या. आयुष्यभर चळवळ केलेल्या मकार्थर, डेस्पार्ड, पँकहर्स्ट मात्र कॉमन्सच्या दारातूनच परतल्या. १९१८ मध्ये अवघड जागेवर लढणारी कार्यकर्ती हरली आणि पुढच्या पाच वर्षांत सुरक्षित जागेवरची पत्नी जिंकली. मतदार महिलेला निवडून द्यायला तयार होते, हे त्या तीन निकालांनी सिद्ध केलं. पक्ष ती जागा कुठल्या महिलेला द्यायला तयार होते, हेही सिद्ध केलं.

अॅस्टर यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर २५ वर्षं ती जागा राखली. दार कसंही उघडलेलं असो, आत गेल्यावर काम करून दाखवता येतं, याचंही हे उदाहरण आहे.

फिनलंडमध्ये ११ वर्षं आधी काय वेगळं घडलं?

या सगळ्याला एक उत्तर दिलं जातं: काळच तसा होता. पण १९०७ चा फिनलंड ते खोडून काढतो.

फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यातला एक स्वायत्त प्रदेश होता. १९०६ मध्ये तिथल्या महिलांना मत देण्याचा आणि उभं राहण्याचा, दोन्ही हक्क एकाच वेळी मिळाले. मार्च १९०७ मध्ये नव्या संसदेची निवडणूक झाली. २०० जागांवर १९ महिला निवडून आल्या, म्हणजे साडेनऊ टक्के. त्यात मीना सिल्लानपाही होत्या. एकेकाळी मोलकरीण म्हणून राबलेल्या, पुढे १९२६ मध्ये फिनलंडच्या पहिल्या महिला मंत्री झालेल्या.

हे जमलं कसं? एक कारण निवडणुकीच्या पद्धतीत आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी एक मतदारसंघ, एक खासदार. पक्षाला एकच नाव द्यायचं असतं आणि त्या एका जागेसाठी सगळ्यांची मारामारी. फिनलंडमध्ये एका मोठ्या मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडले जायचे. पक्ष अनेक नावं देऊ शकत होता. त्यात महिलेला घेण्यासाठी कुणा पुरुषाचं तिकीट कापावं लागत नव्हतं. दुसरं कारण म्हणजे तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षात महिला कामगारांची स्वतःची मजबूत संघटना होती. १९ पैकी ९ जणी त्याच पक्षाच्या होत्या.

फिनलंडने १९०७ मध्ये गाठलेलं साडेनऊ टक्क्यांचं प्रमाण ब्रिटनला १९९७ पर्यंत गाठता आलं नाही. भारताच्या लोकसभेने ते पहिल्यांदा २००९ मध्ये ओलांडलं.

ब्रिटनचा आकडा कधी हलला?

१९२८ मध्ये ब्रिटनमध्ये महिलांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत ६९ महिला उभ्या राहिल्या, १४ जिंकल्या. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ हे प्रमाण रांगत राहिलं. १९८३ च्या निवडणुकीतही ६५० पैकी २३ महिलाच निवडून आल्या.

हा आकडा हलला १९९७ मध्ये. एका झटक्यात ६० वरून १२० वर गेला. कारण मजूर पक्षाने ठरवलं की जिंकण्यासारख्या जागांपैकी काही ठिकाणी उमेदवारीच्या अंतिम यादीत फक्त महिलांचीच नावं असतील. यावर वाद झाला, एका न्यायाधिकरणाने १९९६ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. पण तोवर बऱ्याच जणींची निवड झाली होती. २००२ मध्ये कायदा बदलून अशा पद्धतीला परवानगी दिली गेली. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये २६३ महिला खासदार निवडून आल्या, ४० टक्के.

यात 'जिंकण्यासारख्या जागा' हे शब्द महत्त्वाचे. नुसती तिकिटं वाढवून हे झालं नसतं.

याचा भारताशी संबंध काय?

एक संबंध थेट इतिहासातला. १९१८ मध्ये निवडून आलेल्या याच संसदेने १९१९ मध्ये भारतासाठी माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा केला. भारतीय महिलांना मत द्यायचं का, हा प्रश्न तेव्हा समोर होता. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन त्यासाठी लंडनला गेल्या, संसदीय समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. पण संसदेने निर्णय टाळला आणि तो प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडला. मुंबई आणि मद्रास प्रांतांनी १९२१ मध्ये काही अटींसह महिलांना मताधिकार दिला. उभं राहण्याचा हक्क आणखी उशिरा आला. १९२६ मध्ये मद्रास प्रांतात कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी हरल्या.

दुसरा संबंध आजचा. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांत महिलांना ३३ टक्के आरक्षण देणारं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. राज्यसभेत विरोधात एकही मत नव्हतं. कायद्यातच अट होती की जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर आरक्षण लागू होईल.

त्यानंतर आठ महिन्यांतच लोकसभेची निवडणूक झाली. आरक्षण लागू नसलं तरी पक्षांना स्वतःहून ३३ टक्के तिकिटं द्यायला कोणाचीच मनाई नव्हती. प्रत्यक्षात काय झालं? सुमारे ८,३६० उमेदवारांत महिला होत्या सुमारे ८००, म्हणजे दहा टक्क्यांहून कमी. भाजपच्या उमेदवारांत महिला सुमारे १६ टक्के, काँग्रेसच्या सुमारे १३ टक्के. दोन्ही पक्षांनी विधेयकाला पाठिंबा दिला होता. ५४३ पैकी निवडून आल्या ७४ महिला, १३.६ टक्के.

म्हणजे २७४ विरुद्ध २५ आणि ४५४ विरुद्ध २, दोन्हीकडे गोष्ट एकच. तत्त्वाला सभागृहात हात वर करणं सोपं असतं. त्याने कुणाचंही तिकीट कापलं जात नाही. यादी करताना मात्र कापावं लागतं.

मग 'इलेक्टिव्ह मेरिट'चं काय?

२०२४ चे आकडे पाहिले तर उभ्या राहिलेल्या महिलांपैकी ९ टक्क्यांहून थोड्या जास्त जिंकल्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आहे. अर्थात, पुरुषांमध्ये अपक्षांची गर्दी मोठी असते, त्यामुळे या तुलनेला मर्यादा आहेत. पण 'महिला निवडून येत नाहीत' हे यातून सिद्ध होत नाही, एवढं नक्की.

पक्षांनी मनावर घेतलं तर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने २१ पैकी ७ जागांवर महिला दिल्या, ५ जिंकल्या. २०२४ मध्ये पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसच्या २९ विजयी खासदारांत ११ महिला होत्या. दोन्ही पक्षांची त्या त्या वेळी आपापल्या राज्यात पकड होती. म्हणजे जागा जिंकण्यासारख्या होत्या.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये ४८ पैकी ७ महिला खासदार झाल्या. त्यातल्या किमान पाच जणींच्या घरात आधीपासून खासदार किंवा मंत्रिपद होतं. चंद्रपूरमध्ये दिवंगत खासदाराच्या पत्नी, ज्या स्वतः आमदार होत्या, मोठ्या फरकाने जिंकल्या. बारामतीत तर मुख्य लढतीतल्या दोन्ही उमेदवार एकाच घरातल्या महिला होत्या. यात त्यांचं कर्तृत्व नाकारण्याचा प्रश्न नाही. घराणेशाही पुरुषांमध्येही भरपूर आहे. पण पुरुष कार्यकर्त्याला वर जायला घराण्याशिवायही दोन-चार वाटा असतात. महिलेसाठी बहुतेकदा हीच एक वाट उघडी असते. अॅस्टर, विंट्रिंगहॅम आणि फिलिपसन यांच्या काळात हेच होतं.

याच महाराष्ट्रात दुसरं चित्रही आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये आधी ३३ टक्के आणि २०११ पासून ५० टक्के आरक्षण आहे. सुरुवातीला 'सरपंचपती'चे किस्से गावोगाव होते, आजही काही ठिकाणी आहेत. पण त्याच आरक्षणातून हजारो महिलांना निवडणूक लढवण्याचा, ग्रामसभा चालवण्याचा, निधी आणण्याचा अनुभव मिळाला. मकार्थर आणि डेस्पार्ड यांच्यासारख्या अनुभवी महिला आज प्रत्येक तालुक्यात आहेत. जिल्हा परिषदेपर्यंत त्या दिसतात, विधानसभेच्या यादीत मात्र अचानक कमी होतात.

पुढची यादी आली की काय बघायचं?

'आमच्या पक्षाने इतक्या महिलांना संधी दिली' अशी पोस्ट फिरू लागली की १९१८ च्या अनुभवावरून तीन गोष्टी तपासता येतात.

पहिली, जागा कोणती आहे? गेल्या दोन-तीन निवडणुकांत तो पक्ष तिथे पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर होता का? नसेल, तर ते तिकीट विनिफ्रेड कार्नीला मिळालेल्या बेलफास्टच्या तिकिटासारखं आहे.

दुसरी, उमेदवारी कधी जाहीर झाली? तयारीला सहा महिने मिळाले, की अर्ज भरायच्या आदल्या रात्री एबी फॉर्म हातात पडला?

तिसरी, उमेदवार कुठून आली? पक्षाच्या आणि सार्वजनिक कामातून, की रिकाम्या झालेल्या घरच्या जागेवरून?

आरक्षण लागू झाल्यावर यातल्या पहिल्या प्रश्नाची धार थोडी कमी होईल, कारण राखीव मतदारसंघात सगळ्याच पक्षांना महिला द्यावी लागेल, बालेकिल्ला असो वा नसो. दुसरा आणि तिसरा प्रश्न मात्र तेव्हाही तसाच राहील. कुठल्या महिलेला तिकीट द्यायचं आणि किती आधी द्यायचं, हे तेव्हाही पक्षाच्या बैठकीतच ठरेल. त्या बैठकीत किती महिला बसलेल्या असतात, हा यादीच्याही आधी विचारायचा प्रश्न आहे.